श्वास रोखा

४ जुलै, शुक्रवार

कपाटात टाकलेला पांढरा कोट आज पुन्हा बाहेर काढला. डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून गॅलरीत वाळत घातला, तर आई म्हणाली, "तुझ्या निवृत्तीचे पेढे सगळ्या सोसायटीनं खाल्ले. आता परत मागायचे का?"

वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीही आई एका वाक्यात माणसाला गार करते.

काम असं आहे. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बायका आमच्या हॉस्पिटलात येतात तेव्हा बहुतेकींचा आजार पोटभर पसरलेला असतो. तो दाणाभरही मागे न ठेवता काढता आला, तरच ऑपरेशनचा खरा उपयोग. तसं जमणार नसेल तर आधी केमो द्यायची, आजार आटवायचा, आणि मग पोट उघडायचं. उघडल्यावर काढता येत नाही असं दिसलं, तर बाईच्या वाट्याला नुसती जखम येते आणि ती भरेपर्यंत केमोही थांबते. म्हणून पोट उघडण्याआधीच, सीटीच्या चित्रांवरून, हे सांगता आलं पाहिजे. रेडिओलॉजिस्ट म्हणून जन्मभर मी तेच करत आले. आता दीपाली नावाची एक इंजिनियर मुलगी तेच काम कॉम्प्युटरला शिकवते आहे. प्रत्येक बाईची चित्रं कॉम्प्युटर बघणार आणि मीही बघणार, एकमेकांचं उत्तर न पाहता. मंगळवारच्या बैठकीत दोन्ही उत्तरं सर्जनसमोर ठेवायची.

चित्रांवर नाव नसतं, फक्त नंबर. वाचणाऱ्याचं मन कुठे झुकू नये म्हणून. कुणी ओळखीचं निघालं तर दीपालीला सांगायचं. मग ती चित्रं दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. "प्रोटोकॉल आहे मॅम, डोंट माइंड," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, पोटाच्या आतून मी कुणाला ओळखणार?

सर्जन म्हणजे शुभंकर, माझाच विद्यार्थी. शिकत होता तेव्हा एक्स-रे उलटा धरायचा. आता त्याचेही केस पांढरे झालेत, पण मी खोलीत शिरले की अजून उठून उभा राहतो.

१७ जुलै, गुरुवार

आज मशीनची फजिती झाली. मागच्या आठवड्यात एका बाईच्या मोठ्या आतड्यापाशी त्यानं लाल रंग दाखवला होता. लाल म्हणजे पूर्ण काढता येणार नाही. मी बैठकीत म्हटलं होतं, "ही गाठ नाही. बाईंनी आदल्या दिवशी मटकीची उसळ खाल्लेली दिसते." सगळे हसले. काल शुभंकरनं ऑपरेशन केलं, सगळं स्वच्छ निघालं. आज कॉरिडॉरमध्ये लांबूनच ओरडला, "मॅडम, उसळच होती!"

दीपाली बिचारी पडेल चेहऱ्यानं कॉम्प्युटरसमोर बसली होती. मी तिला कॅन्टीनमध्ये चहा पाजला. म्हणाली, "मॅम, तुमच्यासारखं बघायला त्याला किती वर्षं लागतील?"

मी म्हटलं, "लागतील थोडी."

घरी येताना मनातून गुदगुल्या होत होत्या. हे इथे लिहायला हरकत नाही.

२४ जुलै, गुरुवार

आज दुपारी नवी चित्रं उघडली. मी नेहमी खालून वर बघत जाते. डाव्या खुब्यात तीन स्क्रू. दोन समांतर आणि तिसरा तिरका, प्रार्थनेच्या रांगेतून एका मुलीनं बाहेर डोकावावं तसा.

हा तिरका स्क्रू मी ओळखते.

ब्याऐंशी साली नंदानं नवीकोरी लूना घेतली आणि मला मागे बसवून बंडगार्डनच्या पुलापाशी आडवी केली. मला नुसतं खरचटलं, तिचा खुबा मोडला. मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. ऑपरेशननंतरची फिल्म वॉर्डच्या खिडकीशी धरून मी किती वेळ पाहत राहिले. बाहेर सगळं बँडेज, सूज, रडारड. आणि आत हे असं शांत, पांढरं, जसंच्या तसं. पलंगावरून नंदा म्हणाली, "काय बघतेयस एवढं? माझं स्थळ आलंय का?" पुढे रेडिओलॉजी घेतली ती त्या एका फिल्मपायी. हे तिलाही कधी सांगितलेलं नाही.

नंदा म्हणजे राजनंदिनी. कॅम्पातल्या आमच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर असायची. आई लहानपणीच गेलेली, वडिलांची सारखी बदली. बाबा येरवड्याच्या जेल-कचेरीत कारकून होते, आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचो. दर रविवारी नंदा आमच्याकडे. होस्टेलच्या मुली तिला चिडवायच्या, "चालली बघा जेलमध्ये!" ती म्हणायची, "तिथलं जेवण तुमच्यापेक्षा बरं असतं." भाकरी थापायला ती माझ्या आईकडे शिकली. मला अजून धड येत नाही.

आणि आज तिचं पोट माझ्यासमोर. पाणी झालेलं. दोन्ही अंडाशयांच्या जागी गाठी. आतड्यांवरचा चरबीचा पदर जाडजूड झालेला. श्वासाच्या पडद्यावर, डायाफ्रॅमवर, मात्र काही नाही; त्याची कड कात्रीनं कापल्यासारखी स्वच्छ आली आहे. लिव्हरजवळही काही नाही. पण आतडी ज्या पडद्याला पंख्यासारखी जोडलेली असतात, त्या पंख्याच्या मुळाशी एक धूसर पट्टा दिसतो. तो आजारच असेल तर शुभंकरच्या हातात काही राहणार नाही. मूळ कापता येत नाही.

तिनं मला काहीच कळवलेलं नाही. मे महिन्यात कैऱ्या घेऊन आली होती, तेव्हा हसत होती.

दीपालीला सांगायला उठले. ती फोनवर बोलत होती. परत येऊन बसले. रिपोर्टवर सही केली नाही.

२५ जुलै, शुक्रवार

फोन हातात घेते आणि ठेवते. काय विचारू? तुझं पोट कसं आहे?

आई म्हणाली, "नंदा बऱ्याच दिवसांत फिरकली नाही. लोणच्याची बरणीही परत आली नाही."

दीपालीला आजही सांगायचं राहिलं.

२६ जुलै, शनिवार

सकाळी नंदाचाच फोन.

"शर्मे, जिवंत आहेस का?" हा तिचा चाळीस वर्षांचा नमस्कार.

मग कात्रजला त्यांच्या गल्लीत रस्ता कसा खणून ठेवलाय, तिचे यजमान वैजनाथराव रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघरात येऊन डाळीला फोडणी कशी द्यावी हे तिला कसं शिकवतात, हे सगळं झालं. मी हं हं करत होते. मग त्याच आवाजात म्हणाली, "बरं, एक सांगायचं राहिलं. मला कॅन्सर झालाय. अंडाशयाचा. रडू नकोस, मी सगळं रडून झाल्यावर फोन केलाय."

माझं हं हं थांबलं. तिला वाटलं, धक्का बसला.

"तुमच्याच हॉस्पिटलात दाखवलं गं. तुला आधी सांगितलं असतं तर तिथे सगळ्यांना ऑर्डरी सोडत फिरली असतीस. सीटीही झाला. त्या मशीनमधली बाई काय खेकसते! साँस रोको! मी असा श्वास रोखला, असा रोखला की नर्स आत डोकावली, काकू बऱ्या आहात ना म्हणून. म्हटलं, बाई, हे फोटो आमच्या शर्मीच्या हातात जायचेत. हलले तर ती मला उभी करेल बाकावर."

थापाडी! शाळेत सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, आता सगळ्यांनी डोळे मिटा, एक मोठा श्वास घ्या आणि अगदी स्तब्ध राहा. त्या स्तब्धतेत नंदा फस्सकन हसायची आणि शिक्षा सगळ्या रांगेला. ही श्वास रोखणार! मी ते बोलूनही दाखवलं. दोघी हसलो. हसता हसता मला रडू आलं.

मग तिनं विचारलं, "तू पाहिलेस का माझे फोटो?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग तूच बघ. तिथे कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटरही बघतो. मला त्याचं काही सांगू नका. आणि काय असेल ते एकदाच कापून टाका म्हणावं. हे पोटात घेऊन केमोसाठी महिनोन् महिने बसणं नको. मला नाही सोसायचं, शर्मे."

तिच्या तोंडून 'सोसायचं नाही' हे मी पहिल्यांदा ऐकलं.

२७ जुलै, रविवार

आईला घेऊन कात्रजला गेले. आईनं घरून पिठलं-भाकरी नेली होती. नंदानं दार उघडलं ते आईला नावानं हाक मारत, खणखणीत आवाजात, "या सुंदराबाई! जेलमधून सुटका झाली का?" आईनं तिच्या गालावरून हात फिरवला.

नंदा मला तर बरी वाटली. रंग चांगला आहे. जिना चढून गच्चीवरची तुळस, गवती चहा दाखवायला घेऊन गेली, मध्ये एकदाच टेकली. अशा माणसाच्या आत एवढं पसरलेलं असू शकत नाही. चित्रं शेवटी सावल्याच असतात.

निघताना वैजनाथराव गेटपर्यंत आले. इरिगेशनमधले शिस्तीचे इंजिनियर, कधी आवाज चढत नाही की पडत नाही. म्हणाले, "ताई, ऑपरेशननं सगळं निघेल ना? तुम्ही हो म्हणालात की मी निर्धास्त."

मी म्हटलं, "शुभंकरचा हात चांगला आहे."

रिक्षात आई म्हणाली, "ती जेवली नाही."

"अगं, भाकरी संपवली की तिनं."

"ताटाखाली दडवली. होस्टेलात शिकलेली सवय."

आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. मी वाद घातला नाही.

२८ जुलै, सोमवार

आज चित्रं पुन्हा लावली. शांतपणे, घाई न करता. पंख्याच्या मुळाशी जो पट्टा गुरुवारी दिसला होता, तो आज मला तेवढा ठाम वाटला नाही. कडा पसरट आहेत. आजार असा पसरट क्वचितच दिसतो. पेशंटनं मध्येच श्वास सोडला, पोट हललं, की असं धुरकट येतं. आणि नंदाला मी ओळखते. नियमाप्रमाणे ओळखायला नको होतं, पण इथे ती ओळखच उपयोगी पडली. नुसता नंबर वाचणाऱ्यानं ते आजार म्हणून लिहून टाकलं असतं.

लिहिलं: मुळाशी दिसणारा धूसरपणा श्वासाच्या हालचालीमुळे. आजार पूर्ण काढता येण्याजोगा.

सही केली. मन हलकं झालं. येताना मंडईत उतरून आईसाठी सीताफळं घेतली, एवढी महाग असूनही.

२९ जुलै, मंगळवार

बैठक. पडद्यावर नंदाचं पोट, वर नंबर. आधी माझं उत्तर वाचलं गेलं. मग दीपालीनं मशीनचं लावलं. पंख्याचं मूळ लालभडक.

कुणीतरी मागून म्हणालं, "आज पण उसळ का?" हशा झाला.

दीपाली हसली नाही. "मॅम, सॉरी, पण या भागात ते खूप शुअर आहे. त्या दिवशीसारखं नाहीये."

मी म्हटलं, "रंग म्हणजे आजार नव्हे, दीपाली. श्वास हलला की असं दिसतं."

शुभंकर पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "मॅडम, आधी दुर्बिणीतून एकदा बघून घेऊ का? छोटंसं छिद्र. आत काय आहे ते कळेल, मग ठरवू."

आता रात्री हे लिहिताना वाटतं, त्यात वाईट काहीच नव्हतं. पण तेव्हा मला कात्रजचं ते गेट दिसत होतं. मी म्हटलं, "दुर्बिणीचा नंबर लागायला पंधरा दिवस जातील. पेशंटला उगीच दोनदा भूल. गरज नाही असं माझं मत आहे."

त्यानं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. मग खाली बसला. "मॅडम म्हणतात तर सरळ ऑपरेशन घेऊ."

त्याचा विश्वास बघून बरं वाटलं.

६ ऑगस्ट, बुधवार

उघडलं आणि बंद केलं.

मी निकालाची नोंद घ्यायच्या निमित्तानं ऑपरेशन थिएटरबाहेर घोटाळत होते. एवढं मोठं ऑपरेशन, संध्याकाळ होईल असं सगळ्यांना वाटत होतं. शुभंकर जेवणाच्या सुट्टीच्या आधीच बाहेर आला. टोपी हातात. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुळाशीच होतं, मॅडम. सगळं आखडून गेलंय. हात घालता येईना."

"किती?"

"सगळं," तो म्हणाला. मग म्हणाला, "असं होतं कधी कधी." तो मला समजावत होता. मी त्याला पहिला एक्स-रे शिकवला होता.

वैजनाथराव बाकावर थर्मास धरून बसले होते. एवढ्या लवकर सर्जन बाहेर आलेला बघून त्यांचा चेहरा उजळला. लवकर आटपलं म्हणजे चांगलंच, असं त्यांना वाटलं.

९ ऑगस्ट, शनिवार

नंदाला भेटले. पोटावर वरपासून खालपर्यंत पट्टी. खोकला आला की उशी दाबून धरते.

वैजनाथराव म्हणाले, "डॉक्टरसाहेब म्हणाले, निर्णय माझा होता. सरळ माणूस आहे. हल्ली असं कोण म्हणतं?"

मी पाण्याचा तांब्या भरायला गेले.

परत आले तेव्हा नंदानं डोळे उघडले होते. माझा हात ओढून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "त्या कॉम्प्युटरचंच ऐकलं ना त्यांनी? मी सांगितलं होतं तूच बघ म्हणून. तुझं कोण ऐकतंय तिथे, रिटायर बाईचं."

तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. तिला वाटलं, मी माझा अपमान गिळते आहे. उलट मलाच थोपटलं तिनं, सलाइन लावलेल्या हातानं.

काय म्हणायचं होतं मी? तिथे, तेव्हा? ती एवढी दमलेली असताना? नंतर सांगेन.

२१ ऑगस्ट, गुरुवार

जखमेत पू झाला. खालचे टाके उघडावे लागले. जखम भरेपर्यंत केमो नाही.

आईनं विचारलं, "ऑपरेशन केलंच नसतं तर आतापर्यंत औषध सुरू झालं असतं ना?"

"हो."

"मग केलं कशाला?"

मी म्हटलं, चित्रात नीट दिसलं नाही. आई माझ्याकडे पाहत राहिली. मग कपडे घडी करायला घेतले.

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीच्या गर्दीत रिक्षा मिळेना, हॉस्पिटलात चालत पोचले. ढोल डोक्यात घुमत होते.

अखेर पुढच्या सोमवारपासून नंदाची केमो ठरली.

बैठकीनंतर दीपाली थांबली. म्हणाली, "मॅम, ती मेसेंटरीची, पंख्याच्या मुळाची केस... मशीन बरोबर निघालं, पण मला सेलिब्रेट नाही करायचंय. मला शिकायचंय. तुम्ही श्वास हलला म्हणालात. मी सगळे स्लाइस परत बघितले. श्वास हलला तर डायाफ्रॅमची कड दोनदा येते ना? तुम्हीच शिकवलंत. इथे ती एकदम शार्प आहे."

"हो," मी म्हटलं. "शार्प आहे."

"मग तुम्हाला कशावरून वाटलं?"

पोर खरंच विचारत होती, टोचत नव्हती. तिला मशीनला शिकवायचं होतं की अनुभवी माणूस कुठे चुकतो. मी काय सांगणार? की शाळेत एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी हसायची?

मी म्हटलं, "दीपाली, ती पेशंट माझ्या ओळखीची होती. मी तुला सांगायला हवं होतं."

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "कसं ओळखलंत, मॅम? नंबरवरून?"

"खुब्यावरून."

"तरीच," ती म्हणाली, पण काय तरीच ते म्हणाली नाही. शुभंकरला मी स्वतः सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मला तेव्हाच शंका होती. तुमच्यापुढे बोलायला जीभ रेटली नाही." त्यानं रागावायला हवं होतं. चाळीस वर्षं मी खोलीत आले की मुलांना उठून उभं राहायला लावलं. त्याचं मला कौतुक वाटायचं.

उरलेली चित्रं दुसऱ्या डॉक्टरांना द्या म्हणून सांगितलं.

५ ऑक्टोबर, रविवार

गुरुवारी धम्मचक्र दिनाला आईनं खीर केली ती नंदासाठी वाटीभर बाजूला काढून ठेवली. रोज फ्रीज उघडून बघायची. आज म्हणाली, तू नेत नसशील तर मी एकटी जाते कात्रजला. गेलो.

नंदाचे केस गेलेत. डोक्याला निळा स्कार्फ. दार उघडलं वैजनाथरावांनी, ती पलंगावरून म्हणाली, "या, आता मीच जेलमध्ये आहे." आवाज पूर्वीसारखा खणखणीत नाही.

आईनं चमच्यानं खीर भरवली. दोन चमचे झाल्यावर नंदानं तोंड फिरवलं. आई म्हणाली, "दडवायचं असेल तर दडव, मी बघत नाही." दोघी हसल्या. त्या रविवारीही आईला दिसलं होतं.

वैजनाथराव खालच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर म्हणतात आजार आटतोय. पण सुरुवातीचा महिना गेला तो गेला, असं त्यांच्या बोलण्यात आलं. तो गेला नसता तर..." आतून तिला पाणी हवं होतं, ते उठून गेले.

सांगायचं ठरवून गेले होते. खिरीची वाटी धुऊन घेऊन परत आले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन केमो झाल्यावर आज नंदाचा पुन्हा सीटी. आता आजार काढण्याजोगा झाला का, हे या चित्रांवरून ठरेल. मी बघणार नाही. नंदानंच फोन केला होता, "शर्मे, सोबतीला ये. वैजनाथ बाहेर जप केल्यासारखे येरझाऱ्या घालतात, मला धडकी भरते."

तिला टेबलावर झोपवलं. स्कार्फ काढून माझ्या हातात दिला. मी काचेच्या या बाजूला, टेक्निशियन बाईंच्या मागे उभी राहिले. एवढ्या वर्षांत या काचेतून मी हजारो पोटं पाहिली असतील, म्हणजे पडद्यावर. काचेतून माणसाकडे क्वचितच पाहिलं.

आतला आवाज म्हणाला, साँस रोको.

नंदाची छाती वर आली आणि थांबली.

टेबल सरकलं. चादरीखाली तिचं पोट, ती लांबलचक जखम असलेलं, अजिबात हललं नाही. बोटं नाही, पापणी नाही. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर आठी, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी. टेक्निशियन बाई म्हणाल्या, "या काकू मागच्या वेळीही अशाच. आम्ही बाकीच्यांना यांचं उदाहरण देतो."

साँस छोडो, आवाज म्हणाला. तरीही तिनं क्षणभर सोडला नाही. चुकून लवकर सोडला असं होऊ नये म्हणून. मग सोडला.

माझ्या हातात निळा स्कार्फ होता. तो मी किती चुरगाळलाय, ते बाईंनी माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं.

बाहेरच्या बाकावर येऊन बसली तेव्हा दम लागला होता, पण तोंडभर हसत होती. "पाहिलंस ना? आता तरी खरं वाटलं? का अजून थापाच?"

मी तिच्या डोक्याला स्कार्फ बांधायला घेतला. पाठीमागे गाठ मारत होते, तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून बोलता आलं.

"नंदा, मागचे फोटो कॉम्प्युटरनं बरोबर वाचले होते. चुकीचे मी वाचले. तू श्वास सोडलास असं मी लिहिलं. ऑपरेशन करा, असं मीच सांगितलं."

तिची पाठ ताठ झाली. कॉरिडॉरच्या टोकाला वैजनाथराव वळून परत येत होते. ते पुन्हा वळून लांब जाईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली.

मग हात मागे नेऊन माझी गाठ चाचपली, सैल होती ती स्वतःच घट्ट केली.

"मी तुझ्यासाठी रोखला होता गं," ती म्हणाली.

मला वाटलं, ती उठून जाईल. उठली नाही. आत दुसऱ्या कुणाला तरी तोच आवाज साँस रोको म्हणत होता.

"पुढचे फोटो तू बघू नकोस," ती शेवटी म्हणाली.

"नाही बघणार."

"काचेबाहेर उभी राहत जा फक्त."

"राहीन," मी म्हटलं.